पुसलेल्या शाईतले लोखंड

क्ष-किरणांच्या साहाय्याने शेकडो वर्षांपूर्वी पुसलेला मजकूर वाचला गेला, अशी बातमी अधूनमधून येते आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोडलेल्या हाडाची काळीपांढरी फिल्म उभी राहते. हा समज दूर करायला हवा. त्या फिल्मवर आपण सावली पाहतो. खरवडून काढलेल्या शाईचा उरलेला अंश मात्र इतका विरळ असतो, की त्याची वाचण्याजोगी सावली पडतच नाही. तेथे टिपले जातात ते शाईतील अणूंनी स्वतः बाहेर टाकलेले किरण.

याचे सर्वांत देखणे उदाहरण म्हणजे आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकातील चर्मपत्रावरची प्रत. तेराव्या शतकात ती खरवडण्यात आली आणि पाने आडवी फिरवून, दुमडून त्यांवर प्रार्थना लिहिल्या गेल्या. १९०६ मध्ये डॅनिश अभ्यासक हायबर्ग यांनी तिच्यातील बराच भाग ओळखून वाचला. पण त्यानंतर कोणीतरी चार पानांवर बनावट सोनेरी चित्रे रंगवून खालचा मजकूर पुरता झाकून टाकला. १९९८ मध्ये ही प्रत लिलावात २० लाख डॉलरना विकली गेली आणि अभ्यासासाठी बाल्टिमोरच्या वॉल्टर्स कलासंग्रहालयात आली.

त्या काळची शाई मायफळाचा अर्क आणि लोहाचा क्षार यांपासून बनत असे, म्हणजे अक्षर खरवडले तरी चर्मपत्राच्या तंतूंत लोखंड उरतेच. लोखंडाच्या अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात आणि अगदी आतल्या कक्षेत त्यांपैकी दोन. ७.१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा (हे ऊर्जेचे एक एकक) अधिक ऊर्जेचा क्ष-किरण त्यांपैकी एकाला हुसकावू शकतो. रिकामी झालेली जागा वरच्या कक्षेतील इलेक्ट्रॉन खाली उतरून भरतो आणि दोन कक्षांच्या ऊर्जेतील फरक नव्या क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडतो. लोखंडाच्या बाबतीत हा फरक याच एककात सुमारे ६.४ असतो, कॅल्शियमच्या ३.७, तांब्याच्या ८. अणुक्रमांक बदलला की केंद्रकाची ओढ बदलते आणि आकडाही बदलतो; म्हणून बाहेर आलेल्या किरणाची ऊर्जा मोजली, की तो कोणत्या मूलद्रव्याचा हे कळते. लोखंडाचे हे किरण सोन्याच्या पातळ मुलाम्यातूनही पार होतात, हे त्या चार पानांच्या दृष्टीने फार मोलाचे ठरले.

कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्डच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनांपासून प्रखर क्ष-किरण मिळवणाऱ्या यंत्रावर, केसाएवढ्या बारीक किरणशलाकेसमोर पान सरकवत बिंदूबिंदूने लोखंडाचा नकाशा तयार करण्यात आला. मात्र यंत्र लोखंड दाखवते, अक्षर वाचत नाही. प्रार्थनांच्या शाईतही लोखंड होते आणि किरण पानाच्या दोन्ही बाजूंचा मजकूर एकदमच दाखवत होते. त्यामुळे एकमेकांवर पडलेल्या चार लेखांमधून ग्रीक अक्षरे वेगळी काढण्याचे काम जुन्या लिपीच्या जाणकारांनाच करावे लागले.

या प्रतीमुळे ‘आर्किमिडीजने कॅल्क्युलस आधीच शोधले होते’ असे सरसकट म्हटले जाते, तेही मला पटत नाही. (कॅल्क्युलस म्हणजे अतिसूक्ष्म तुकड्यांच्या आधारे क्षेत्रफळ, घनफळ, बदलाचा वेग काढण्याचे गणित.) या प्रतीतील ‘पद्धती’ या ग्रंथात तो आकृतीचे पातळ काप काल्पनिक तराजूवर तोलून घनफळ काढतो, आणि ही विचारसरणी विलक्षण आहेच. परंतु या रीतीने मिळालेले उत्तर म्हणजे सिद्धता नव्हे, सिद्धता भूमितीने स्वतंत्रपणे द्यावी लागते, असे त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो स्वतः सांगतो.