वेगा : बदकांच्या बाळंतपणावर जगलेली बेटं

नॉर्वेच्या नॉर्डलँड प्रांतात, आर्क्टिक वृत्ताच्या थोडं दक्षिणेला वेगा नावाची नगरपालिका आहे. ‘नगर’ हा शब्द सरकारी व्यवहारापुरताच. लोकसंख्या सुमारे १,२००, तर बेटं आणि समुद्रातून डोकावणारे खडक मिळून साडेसहा हजारांच्या घरात. माणशी पाच बेटं आली तरी उरतील! २००४ साली युनेस्कोने हा द्वीपसमूह जागतिक वारशाच्या यादीत घेतला. मात्र इथे ना किल्ला आहे, ना भव्य चर्च. मान मिळाला तो आयडर जातीच्या समुद्री बदकांशी असलेल्या माणसांच्या शेजाराला.

आयडरची मादी अंडी उबवताना स्वतःच्या छातीची मऊ पिसं उपटून घरट्यात अंथरते. ही पिसं वजनाला नगण्य आणि उबेला अजोड. वेगाच्या लोकांनी पक्षी न मारता ती मिळवायची रीत बसवली. वसंत ऋतू आला की दगड, वाहून आलेली लाकडं आणि जुन्या होड्यांच्या फळ्यांपासून बुटकी घरं उभी करायची, आत वाळवलेलं समुद्री शेवाळ अंथरायचं. या घराला स्थानिक बोलीत ‘ए-हूस’ म्हणतात, म्हणजे आयडरचं घर. मादी आली की बेटावर आरडाओरडा बंद, कुत्री बांधलेली. साधारण पंचवीस दिवसांनी पिल्लं आईमागे समुद्रात उतरली, की मागे राहिलेली पिसं माणसांची.

ती साफ करणं हे मात्र चिकाटीचं काम. तारा ताणलेल्या लाकडी चौकटीवर पिसं घासत राहायचं, म्हणजे कचरा खाली गळतो. आपल्याकडच्या पिंजाऱ्याला हे काम लगेच उमगलं असतं. एका दुलईला पुरेल एवढी, म्हणजे किलोभर साफ पिसं हवीत तर साठ-सत्तर घरटी लागतात.

हा व्यवहार जुना आहे. नवव्या शतकाच्या अखेरीस ओत्तार नावाच्या हालोगालँडच्या, म्हणजे नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सरदाराने इंग्लंडचा राजा आल्फ्रेड याला सांगितलेली हकिगत लिहून ठेवली गेली, त्यात सामी, म्हणजे उत्तरेकडच्या आदिवासी लोकांकडून मिळणाऱ्या खंडणीत पक्ष्यांची पिसंही आहेत. पुढे या किनाऱ्यावरचे पुरुष हिवाळ्यात कॉड मासेमारीसाठी उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांवर जात. घर, गोठा आणि पाठोपाठ येणारी बदकं हे सगळं बायकांच्या अंगावर पडे. युनेस्कोने वारसा जाहीर करताना बायकांच्या या वाट्याचा स्पष्ट उल्लेख केला. मला त्या निर्णयातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, कारण असली कामं सहसा इतिहासात शिरतच नाहीत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाहेरच्या छोट्या बेटांवरून लोक उठले. शाळा, वीज, दवाखाना सगळं मोठ्या बेटावर किंवा मुख्य भूमीवर. स्थलांतराला सरकारी अनुदानही होतं. माणसं गेली तशी बदकंही पांगली. घराभोवती माणसांची जाग असली, की शिकारी पक्षी आणि ऊदमांजरं जरा दबून राहत, तो आडोसाच संपला. त्यात फर-उद्योगासाठी आणलेले आणि पिंजऱ्यांतून निसटलेले अमेरिकन मिंक हे मुंगसासारखे छोटे शिकारी प्राणी अंड्यांवर टपले. आता आयडर नॉर्वेच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे.

लोनानसारख्या बेटांवर काही कुटुंबं अजूनही वसंतात मुक्कामाला जातात, शेवाळ वाळवतात, घरं डागडुजी करून ठेवतात. काही घरांत मादी येऊन बसते. काही तशीच मोकळी राहतात.