वाड्यांतील कीडनियंत्रण (पुणे)

पुण्याच्या कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव, बुधवार, रविवार या जुन्या पेठांत लाकडी सांगाड्याचे वाडे आजही राहते आहेत. त्यांतील वाळवी, घूण, उंदीर, घुशी, ढेकूण, झुरळे, डास आणि पोथ्या-कागद खाणारी कसर यांच्या बंदोबस्ताचा विचार या नोंदीत केला आहे. सिमेंटच्या इमारतीसाठी ठरलेली पद्धत वाड्याला जशीच्या तशी लावली, की ती बहुधा फसते. वाड्यात कीड दिसते लाकडात. तिचे मूळ मात्र गळक्या पन्हाळीत, मोरीखालच्या ओलीत आणि पोखरलेल्या जोत्यात असते. तेव्हा आधी पाणी थांबवायचे, मग दुरुस्ती करायची आणि औषध सर्वांत शेवटी मारायचे, हा क्रम इथे पाळावाच लागतो.

बांधणी आणि देखभाल

वाड्याचे जोते काळ्या दगडाचे असते. त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि त्यांवर तक्तपोशी म्हणजे फळ्यांची जमीन अशी रचना चढत जाते. भिंती विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या, गिलावा चुन्याचा आणि छपर कौलांचे. खांब जमिनीत रोवत नसत. त्याच्या पायाशी दगडी तळखडा बसवीत. जमिनीतून चढणारी ओल आणि वाळवी या दोहोंपासून लाकूड दूर ठेवण्याची ही साधी आणि फार परिणामकारक सोय होती. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन हे द्रव्य असते आणि ते वाळवीला मानवत नाही. बाहेरच्या फिकट रसकाष्ठाला मात्र हे संरक्षण नसते. जुन्या सुतारांनी गाभ्याचे लाकूड निवडून घातले म्हणून दोनशे वर्षांपूर्वीचे खांब आज उभे आहेत. वाळवी आधी धरते ती नंतरच्या दुरुस्तीत आलेली हलक्या लाकडाची चौकट, प्लायवूडचे कपाट किंवा भिंतीला टेकवून ठेवलेला पुस्तकांचा गठ्ठा.

कीडनियंत्रण पूर्वी वर्षाच्या कामांतच सामावलेले होते. पावसाळ्यापूर्वी छपर शाकारताना कौले उतरवली जात, तेव्हा वासे, रिपा आणि कड्यांची टोके उघडी पडत आणि कुजलेली वा पोखरलेली फळी तिथल्या तिथे बदलली जाई. सणासुदीच्या आधी भिंतींना चुन्याचा हात फिरे, कोनाडे आणि देवळ्या रिकाम्या करून पुसल्या जात, अंथरुणे-पांघरुणे उन्हात पडत. कौले जाऊन पत्रे आले तेव्हापासून माळ्यावर वर्षानुवर्षे कोणी चढत नाही, आणि वाळवी नेमकी तिथेच निवांत वाढते.

याहून मोठे नुकसान मजबुतीच्या नावाखाली झाले आहे. जुन्या जमिनीवर कोबा आणि त्यावर फरशी असे थर चढत गेले, की तळखडा गाडला जातो आणि लाकडी खांबाचा पाय ओल्या सिमेंटमध्ये बसतो. मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, की आत शिरलेले पाणी बाहेर पडू शकत नाही. बिऱ्हाडे वाढली तशा खोल्याखोल्यांत मोऱ्या निघाल्या आणि त्यांचे पाणी खालच्या तुळईत मुरू लागले. वाड्यातली ओली जागा शोधायची झाली तर पहिल्यांदा मोरीखालचे छत पाहावे.

वाळवी

पुण्यात प्रामुख्याने त्रास देते ती जमिनीतून येणारी वाळवी. तिला ओल लागते, म्हणून ती जोत्यापासून लाकडापर्यंत मातीच्या नळ्या बांधत येते. नळी ओरखडून काढली तर काही दिवसांत शेजारी दुसरी उभी राहते, कारण राणी आणि वारूळ जमिनीतच शाबूत असतात. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी पंखांची वाळवी दिव्याभोवती घोंघावते आणि सकाळी खाली पंखांचा खच पडलेला असतो. हे पंख बंद तळघरात किंवा दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत सापडले, तर वारूळ घराखालीच आहे असे धरून चालावे.

पाहणीला बोथट पेचकस पुरतो. खांबाच्या पायथ्याशी, भिंतीत घुसलेल्या तुळईच्या टोकाशी आणि पन्हाळीखालच्या कडीवर पेचकसाच्या मुठीने ठोकत जावे. भरीव लाकडाचा आवाज ठणठणीत येतो, पोखरलेल्याचा पोकळ. शंका आली तर टोक दाबून पाहावे. वाळवी लाकडाचा वरचा पापुद्रा शिल्लक ठेवते, त्यामुळे रंग धड दिसत असतानाच पेचकस आत शिरतो आणि मातीने भरलेल्या पोकळ्या उघड्या पडतात. भिंतीत दडलेले तुळईचे टोक हा सर्वांत धोक्याचा भाग आहे. तिथे हवा लागत नाही, गळतीचे पाणी साचते आणि मजल्याचा सगळा भार नेमका तिथेच पेललेला असतो.

घूण म्हणजे भुंगेऱ्याची अळी वेगळ्या खुणा ठेवते. लाकडावर बारीक गोल भोके पडतात आणि खाली पिठासारखा भुसा साचतो. ही कीड बांबूत, रसकाष्ठात आणि हलक्या लाकडात राहते. तिला जमिनीशी संपर्क लागत नाही. वाळवी समजून तिच्यासाठी जोत्यात औषध घालणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

उभ्या इमारतीतील वाळवीसाठी भारतीय मानक ६३१३ चा तिसरा भाग आहे. त्यानुसार भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे सुमारे ३०० मिलिमीटर अंतरावर १२ मिलिमीटर व्यासाची भोके पाडून त्यांत औषधाचे पाणी भरतात व भोके बुजवतात. एका भोकात एक लिटरपर्यंतच औषध घालायचे असते. पूर्वी यासाठी आल्ड्रिन आणि क्लोरडेन वापरत. त्यांवर बंदी आल्यावर क्लोरपायरिफॉस आणि पुढे इमिडाक्लोप्रिड, बायफेन्थ्रिन आले. इमिडाक्लोप्रिडला वास जवळजवळ नसतो आणि ते सावकाश काम करते. वाळवी औषध लागलेल्या मातीतून ये-जा करते, एकमेकींना भरवते आणि औषध वारुळापर्यंत पोहोचते.

वाड्यात या पद्धतीची अडचण अशी, की जोत्याच्या दोन दगडी थरांमध्ये दगडगोटे आणि मातीची भर असते. घुशींनी त्यात बिळे केलेली असली तर भोकात ओतलेले औषध कुठच्या कुठे निघून जाते. भोक भरतच नाही आणि कारागीर ओतत राहतो. अनेक वाड्यांत विहीर वा हौद आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावांतून शहरात आणलेल्या नळाचे जुने मार्गही याच पेठांखालून जातात. विहिरीलगतच्या जोत्यात औषध ओतू नये, हे मालकाने स्वतः उभे राहून सांगितले पाहिजे. तिथे बिळे बुजवणे, ओल तोडणे आणि लाकडावरच बोरॅक्स व बोरिक आम्लाचे द्रावण चढवणे हा सुरक्षित मार्ग आहे. बोरॉनची द्रव्ये किंचित ओलसर लाकडात खोलवर मुरतात. मात्र सतत पाण्याखाली असलेल्या भागातून धुऊन जातात, म्हणजे पुन्हा आधी गळतीच थांबवावी लागते.

खांबाचा पाय गेला असला तर औषधाने तो परत येत नाही. तुळईला टेकू देऊन कुजका भाग कापतात, त्या जागी वाळलेल्या सागाच्या गाभ्याचा तुकडा सांध्यात बसवतात आणि तळखडा पुन्हा उघडा करतात. हे काम जाणणारे सुतार आता कमी राहिले आहेत आणि वाड्याच्या दृष्टीने ही उणीव कोणत्याही किडीपेक्षा गंभीर आहे.

उंदीर, घुशी आणि प्लेगचा वारसा

वाड्यांत काळा उंदीर वर राहतो आणि घूस खाली. उंदीर तक्तपोशी व कौलांमधल्या पोकळीत घर करतो. घूस जोते आणि परसातील जमीन पोकळ करते. धान्याची बळदे (भिंतीतील कोठारे) आणि पेवे (जमिनीखालची कोठारे) वापरात होती तोवर त्यांना अन्न घरातच मिळे.

१८९६ च्या अखेरीस प्लेग पुण्यात पसरू लागला, तेव्हा हीच घरे संशयाच्या भोवऱ्यात सापडली. घरात उंदीर मरून पडू लागले, की लोक बिऱ्हाड हलवून गावाबाहेर झोपड्यांत राहायला जात. १८९७ मध्ये वॉल्टर चार्ल्स रँड या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने घरोघर झडत्या, सक्तीचे निर्जंतुकीकरण आणि सामानाची जाळपोळ केली. लोकांचा संताप अनावर झाला आणि २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. उंदरावरच्या पिसवांतून रोग पसरतो हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल-लुई सिमों यांनी दाखवले ते १८९८ मध्ये. म्हणजे पुण्यातली घरे धुऊन-जाळून निघत होती तेव्हा खरा वाहक कोणता हे कोणालाच माहीत नव्हते. लोकांच्या घरात शिरून, त्यांना विश्वासात न घेता कीड हटवता येत नाही, हा या शहराचा अनुभव फार महाग पडला आहे.

उंदरांसाठी पिंजरा हा वाड्यातला सर्वांत चांगला उपाय आहे. विषारी आमिषाने उंदीर तक्तपोशीत मरतो आणि दुर्गंधीमुळे फळ्या उचकटाव्या लागतात. झिंक फॉस्फाइड पोटातील आम्लात मिसळताच विषारी फॉस्फीन वायू सोडते; मुले आणि मांजरे असलेल्या वाड्याच्या चौकात (आतल्या अंगणात) ते ठेवूच नये. घुशीची बिळे काचेचे तुकडे घालून चुन्या-सिमेंटने बुजवतात. चिचुंदरीला मात्र मारू नये. ती उंदीर नाही आणि झुरळे-किडे खाऊन उपकारच करते.

ढेकूण, डास, कसर

सदाशिव, नारायण आणि नवी पेठेत स्पर्धा परीक्षांचे हजारो विद्यार्थी कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एकच खाट भाड्याने घेऊन, राहतात. गाद्या आणि बॅगा सतत बदलत असल्याने ढेकणांचा प्रवासही चालूच असतो. खाटेच्या सांध्यांबरोबर तक्तपोशीच्या चिरांतही ते दडतात, म्हणून केवळ गादीवर फवारा मारून भागत नाही. डीडीटीला ढेकूण फार पूर्वीच सरावले, आणि आता पायरेथ्रॉइड गटातील अनेक औषधांनाही दाद देत नाहीत. अंडी औषधाने सहसा मरत नाहीत. ती आठवडा-दीड आठवड्यात फुटतात, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी दुसरी फवारणी लागतेच. सांध्यांत कढत पाणी ओतण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे, कारण ५० अंश सेल्सिअसच्या वर ढेकूण आणि त्यांची अंडी टिकत नाहीत. लाकडी फळ्यांच्या जमिनीवर मात्र पाणी सांडू नये.

वापरात नसलेल्या हौदांत डासांची पैदास होते. हौद झाकावा, कोरडा ठेवावा किंवा त्यात गप्पी मासे सोडावेत. महापालिकेची धूरफवारणी उडणारे डास मारते, हौदातल्या अळ्यांना तिचा स्पर्शही होत नाही.

पोथ्या, बखरी आणि दप्तरे ज्या घरांत आहेत तिथे कसर लागते. बासनात (कापडी वेष्टनात) घट्ट बांधून त्यात वेखंडाचे तुकडे ठेवणे, अधूनमधून पोथी उघडून वारा देणे आणि लाकडी कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवणे या रीती आजही योग्य आहेत. कागदावर थेट औषध कधीही मारू नये. भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०) आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था (१९१७) याच शहरात असल्याने जुन्या कागदपत्रांच्या जतनाबद्दल सल्ला मिळू शकतो.

कायदा आणि व्यवहार

कीटकनाशक कायदा १९६८ आणि नियम १९७१ यांनुसार व्यावसायिक पेस्ट कंट्रोल करणाऱ्याला परवाना लागतो. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग पाहावा: लाल सर्वांत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या सर्वसामान्यांना विकण्यास मनाई आहे. राहत्या वाड्यात त्या कोणीही ठेवू नयेत. तक्तपोशीच्या फटींतून त्यांचा वायू वरच्या मजल्यावर झोपलेल्या कुटुंबापर्यंत पोहोचतो आणि जीव घेतो.

खर्च कोणी करायचा, इथे बहुतेक कामे अडतात. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यापासून अनेक वाड्यांची भाडी गोठलेली आहेत. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने दुरुस्तीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. त्याने ती नोटीस देऊनही केली नाही, तर भाडेकरू ती करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापुरताच. जुन्या भाड्याच्या चतुर्थांशात एक तुळईसुद्धा बदलून होत नाही. मग प्रत्येक बिऱ्हाड आपापल्या खोलीपुरते औषध मारून घेते आणि वाळवी सामायिक भिंतीतून शेजारच्या खोलीत सरकते. संपूर्ण चौकाचे काम एकाच वेळी, पावसाळ्यापूर्वी आणि सर्वांच्या वर्गणीतून केलेल्या वाड्यांत ते टिकते.

वाई, सातारा आणि नाशिकच्या जुन्या वाड्यांना यातील बहुतेक गोष्टी लागू पडतात. कोकण आणि गोव्यात मात्र दमट हवेमुळे कोरड्या लाकडातच राहणारी वाळवीही आढळते. ती मातीच्या नळ्या बांधत नाही. खाली खसखशीसारखे दाणे पाडते. जमिनीत औषध घालून तिचे काही बिघडत नाही. तिथे वाशांना आणि होड्यांना काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची जुनी रीत आहे. हे तेल कातडीला भाजते, म्हणून हातमोजे घालूनच लावावे.