दुपारी दोन वाजता बंबावर कोण?

अमेरिकेत एखाद्या खेड्यातलं स्वयंसेवी अग्निशमन दल आपला आढावा काउंटीपुढे (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या प्रशासनापुढे) मांडतं, तेव्हा त्यातले प्रश्न ठरलेले असतात. बंब किती जुना, पाणी कुठून आणणार, शेवटचं घर स्टेशनपासून किती मैलांवर, कॉल आला तर किती जण धावणार. यातले बरेचसे प्रश्न खेड्यात सुचलेले नाहीत. विमा कंपन्यांनी ते शहरांसाठी काढले आणि नंतर खेड्याच्या मापाने उसवून शिवले.

सुरुवात स्वयंसेवकांनीच केली होती. बेंजामिन फ्रँकलिनने 1736 मध्ये फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी काढली. कातडी बादल्या आणि जळत्या घरातलं सामान भरायच्या पिशव्या सभासदांनी आपापल्या घरून आणायच्या, असा तिचा नियम. वाफेचे बंब आले तशी हाताने पंप मारणाऱ्यांची फौज लागेनाशी झाली. 1853 मध्ये सिनसिनाटीने पूर्ण पगारी दल उभं केलं, मागोमाग मोठी शहरं गेली. खेड्यांना ते परवडणारं नव्हतं. तिथे शेतकरी, दुकानदार, मेकॅनिकच बंबावर चढत राहिले.

मोजमाप सुरू झालं ते बाल्टिमोरच्या आगीनंतर. फेब्रुवारी 1904 मध्ये तिथे दीड हजारांहून अधिक इमारती जळाल्या. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब मदतीला आले, पण बऱ्याच नळ्यांचं कपलिंग (जोडणीचं तोंड) बाल्टिमोरच्या हायड्रंटला, म्हणजे बंबासाठी रस्त्यावर बसवलेल्या नळाला, बसेना. मदत दारात आणि पाणी मिळेना! विमा कंपन्यांच्या राष्ट्रीय मंडळाने मग शहरोशहरी अभियंते पाठवले आणि 1916 मध्ये गावाच्या आगीपासूनच्या संरक्षणाला गुण देण्याची पद्धत पक्की केली. 1971 पासून हे काम आयएसओ नावाची संस्था करते (गुणवत्तेचं प्रमाणपत्र देणारी ती आयएसओ वेगळी). वर्ग 1 ते 10; 1 उत्तम, 10 म्हणजे संरक्षण नाहीच. दलाला 50 गुण, पाण्याला 40, कॉल घेण्याच्या व्यवस्थेला 10, वर प्रतिबंधक कामाचे थोडे. स्टेशनपासून रस्त्याने पाच मैलांपलीकडचं घर सहसा दहाव्या वर्गात जातं. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी, हे इथे विम्याच्या हप्त्यात दिसतं.

खेडं अडतं ते पाण्याच्या 40 गुणांवर, कारण हायड्रंटच नसतात. त्यावर तोड निघाली ती वाहून आणलेल्या पाण्याची: पहिला बंब पोचल्यापासून पाच मिनिटांत मिनिटाला 250 गॅलन सुरू करायचे आणि दोन तास धार तुटू द्यायची नाही. एकूण 30 हजार गॅलन, म्हणजे एक लाख लिटरच्या वर. दोन हजार गॅलनचा टँकर धरला तर पंधरा खेपा. खेपांचा हिशोब मराठवाड्यातल्या वाचकाला वेगळा समजावून द्यायला नको. रस्त्याकडेला ताडपत्रीचा घडीचा हौद उघडतात, टँकर त्यात पाणी ओततो आणि लगेच तळ्याकडे वळतो. तळ्यात आधीच पाइप पुरून ठेवलेला असतो, तोंड काठावर. त्याला ‘ड्राय हायड्रंट’ म्हणतात. स्वस्तातलं आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात शहाणपणाचं काम.

साधनांची देशव्यापी पाहणी व्हायला मात्र 2001 उजाडलं. निम्मे बंब पंधरा वर्षं किंवा त्याहून जुने निघाले. ड्यूटीवरच्या तिघांपैकी एकाला श्वसनयंत्र नव्हतं. केंद्राचं अनुदानही त्याच वर्षी सुरू झालं. त्याआधी आणि नंतरही खेड्यातला बंब बिंगोचे खेळ, चिकन बार्बेक्यू आणि पॅनकेकचा नाश्ता ठेवून जमवलेल्या वर्गणीवर चालत आलाय.

माणसांचं माप आलं ते एनएफपीए या अग्निसुरक्षेची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संघटनेच्या 1720 क्रमांकाच्या मानकात. चौरस मैलाला 500 पेक्षा कमी वस्ती असेल तर 14 मिनिटांत सहा जण, दहापैकी आठ वेळा. सहा हा आकडा लहान वाटतो. पण दोघे घरात शिरले की आणखी दोघे तयारीत बाहेर हवेत, हा कामगार सुरक्षेचा नियम 1998 पासून आहे; पंप आणि टँकर पाहणारे त्याशिवाय.

माझ्या मते आढाव्यातला हा रकाना सगळ्यात आधी वाचावा. 1984 मध्ये देशात सुमारे 8 लाख 97 हजार स्वयंसेवक होते, 2020 मध्ये 6 लाख 77 हजार. दरम्यान कॉल तिपटीहून वाढले, त्यातले बहुतेक आगीचे नाहीत, आजारी माणसांचे. अडीच हजारांहून कमी वस्तीच्या गावांत एक-तृतीयांश जवानांनी पन्नाशी ओलांडलीय. हजेरीपटावर पंचवीस नावं असतात, पण दुपारी दोनला पेजर वाजतो तेव्हा त्यातले कितीतरी जण तासभर दूरच्या गावी नोकरीवर असतात. म्हणून कित्येक दलं आता दिवसा दोघा-चौघांना पगारावर ठेवतात, रात्र स्वयंसेवकांकडे. काही ठिकाणी पहिल्याच कॉलला शेजारची दोन स्टेशनं एकदम निघतात. फक्त शेजाऱ्याचा टँकर आपल्या हिशोबात धरताना त्याच्याकडे तरी दुपारी दोनला तो चालवायला कोण असतं, हे विचारून घ्यावं लागतं.