परीकथेचं चित्रपुस्तक अन् ग्राफिक नॉव्हेल: हात ठेवून पाहा, फरक कळते

आमचं गाव आर्वीकडचं, पुस्तकाचं दुकान काही नाही, म्हणून सगळं ऑनलाइन मागवावं लागते आणि तिथंच माझा घोळ झाला. तिसरीतल्या भाचीसाठी सिंड्रेलाचं चित्रांचं पुस्तक समजून मागवलं (हिंदीतलं, मराठीत भेटलंच नाही) आणि निघालं ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चौकोनांत चित्रं अन् फुग्यांत बोलणं असलेलं कॉमिकसारखं पुस्तक. रात्री आबा तिला जवळ घेऊन वाचायला बसले तर दुसऱ्याच पानावर अडकले, "हे कोण बोलून राहिलं बाप्पा? आधी हा फुगा वाचू का तो?" पोट्टीनं पुस्तक ओढून घेतलं अन् एकटीच वाचत बसली.

फरक तिथंच आहे. साध्या परीकथेच्या पुस्तकात गोष्ट शब्दांत असते, चित्र बाजूला. चित्रावर हात ठेवून झाका, गोष्ट तरी पुढे सरकते, म्हणून मोठ्यानं वाचून दाखवता येते. ग्राफिक नॉव्हेलमध्ये चित्र झाकलं तर उरतात फक्त सुटे डायलॉग, कोण आलं, कोण पळालं काही कळत नाही. (चांगल्या चित्रपुस्तकांतही चित्र बरंच काही सांगते, पण ते जाऊ द्या, हाताची टेस्ट बहुतेक वेळा चालते.)

आता ग्रिम भावांची सिंड्रेला घ्या, 1812 ची. त्यात भोपळ्याची बग्गी नाही, परी पण नाही, ते सगळं फ्रेंच लेखक पेरोचं, 1697 चं. ग्रिमच्या गोष्टीत एक सावत्र बहीण बूट बसत नाही म्हणून पायाचा अंगठा कापते, दुसरी टाच कापते. शब्दांत हे एका वाक्यात उरकते, मग कबुतरं ओरडतात की बुटात रक्त आहे. हेच चौकोनांत करायचं तर समजा पहिल्यात सुरी, दुसऱ्यात बहिणीचा दात आवळलेला चेहरा, तिसऱ्यात पांढऱ्या मोज्यावर चढत गेलेला लाल रंग, बस. कापणं कुठंच काढलं नाही, दोन चौकोनांच्या मधल्या जागेत ते पोरानं स्वतःच पाहून घेतलं. त्यामुळे लहान पोरांसाठी घेताना दोन-चार पानं आधी बघाच, 'परीकथा आहे' म्हणून निश्चिंत राहू नका.

आणि ही पुस्तकं नुसती चित्रं टाकून मोकळी होत नाहीत, गोष्टच फिरवतात. 2008 साली अमेरिकेत आलेल्या 'रॅपन्झेल्स रिव्हेंज'मध्ये रॅपन्झेल (बुरुजात कोंडलेली लांब केसांची पोरगी) राजपुत्राची वाट पाहत बसत नाही, वेण्या दोरासारख्या फिरवते, जनावर पकडायच्या फासासारख्या. म्हणजे मूळ गोष्ट माहीत असेल तरच मजा, म्हणून आधी साधं पुस्तक, मग हे, असं माझं मत.

चौकोन-फुगे आपल्याला नवीन नाहीतच, अमर चित्र कथा 1967 पासून आहे. नाव 'ग्राफिक नॉव्हेल' म्हटलं की आपण उगाच दबकतो.

भाचीचं ते पुस्तक वीस मिनिटांत संपलं म्हणून मीही आधी कुरकुर केली, पैसे वाया गेले म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी आई कापूस वेचून आली तर पोट्टी ओट्यावर तेच पुस्तक उघडून बसलेली, म्हणे, "मामा, हा उंदीर प्रत्येक पानावर लपला आहे, तुले दिसला का?" नव्हता दिसला. आबांसाठी वेगळं पुस्तक मागवलं आहे, मोठ्या अक्षरातलं, बिनफुग्याचं.