भाड्याचा प्रोजेक्टर

सभा, प्रशिक्षण, लग्न, स्नेहसंमेलन किंवा उत्सवापुरता प्रोजेक्टर, पडदा आणि बहुधा ते चालवणारा माणूस ठरावीक भाड्याने आणण्याची पद्धत. महाराष्ट्रात केवळ प्रोजेक्टर भाड्याने देणारे दुकान मोठ्या शहरांबाहेर विरळाच. तालुक्याच्या गावी हा मंडप-डेकोरेटर, साउंड सर्व्हिस किंवा लग्नाचे व्हिडिओ शूटिंग करणाऱ्याचा जोडधंदा असतो. भाडे दिवसावर ठरते. मात्र ‘दिवस’ म्हणजे एक कार्यक्रम, आठ तास की दुसऱ्या दिवशी सकाळी परत करेपर्यंत, हे प्रत्येकाचे वेगळे असते. पडदा, वाहतूक आणि ऑपरेटर यांचे पैसे भाड्यात धरले आहेत की वेगळे, हेही आधीच बोलून घ्यावे लागते. माणूस सोबत नसेल तर डिपॉझिट आणि ओळखपत्राची प्रत घेतली जाते.

पूर्वपीठिका. पडद्यावरचे चित्र गावोगाव नेऊन दाखवण्याची महाराष्ट्रातली परंपरा सिनेमाइतकी जुनी, किंबहुना त्याच्याही आधीची आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे मुलगे १८९०च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ करत. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली. पुढे जत्रांमधून तंबूतले फिरते सिनेमे आले. यंत्र भाड्याने आणून सगळ्यांनी मिळून बघायचे ही सवय मात्र घरोघर पोहोचली ती १९८०च्या दशकात. १९८२ नंतर रंगीत टीव्ही आले आणि टीव्ही, व्हीसीआर व दोन-तीन कॅसेट एका रात्रीपुरत्या आणून गल्लीने वर्गणीत वाटून घेणे सर्रास सुरू झाले. आजच्या प्रोजेक्टर-भाड्याचे थेट पूर्वज हेच व्यवहार होत. एलसीडी (द्रव-स्फटिकाच्या पटलातून चित्र काढणारे) प्रोजेक्टर १९८९च्या सुमारास आणि डीएलपी (चिपवरच्या सूक्ष्म आरशांनी चित्र काढणारे) प्रोजेक्टर १९९६ पासून बाजारात आले. आधी त्यांच्या किमती संस्थांच्या आवाक्याबाहेर होत्या, म्हणूनच भाड्याचा धंदा उभा राहिला.

उजेडाचे गणित. भाड्याच्या प्रोजेक्टरबद्दलच्या बहुतेक तक्रारी ‘चित्र फिकट दिसतं’ अशा असतात आणि त्यांचे मूळ यंत्रात कमी, सभागृहात जास्त असते. प्रोजेक्टर पडद्यावर उजेड टाकू शकतो, अंधार टाकू शकत नाही. चित्रातला काळा रंग म्हणजे पडद्याचा तेवढा भाग आहे तसा सोडणे. खोलीतला उजेड पडद्यावर जितका पडेल, तितकाच तो ‘काळा’ उजळ दिसणार.

आकड्यांत पाहिले तर हे चटकन कळते. यंत्रातून किती उजेड बाहेर पडतो, ते ल्युमेनमध्ये मोजतात. ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर ८ × ६ फुटांच्या पडद्यावर, म्हणजे ४८ चौरस फुटांवर, चौरस फुटाला सुमारे ६२ ल्युमेन देतो. तेच यंत्र १२ × ९ फुटांच्या पडद्याला लावले की १०८ चौरस फुटांवर जेमतेम २८ उरतात. पूर्ण अंधारातल्या चित्रपटगृहाला १४ ते १६ पुरतात, त्यामुळे हा आकडा वाईट वाटत नाही. पण हॉलच्या ट्यूबलाइटचा ३०० लक्स (लक्स म्हणजे चौरस मीटरला एक ल्युमेन) उजेड पडद्यावर आला, तर त्याचेही चौरस फुटाला साधारण २८ ल्युमेनच होतात. मग पांढरा काळ्यापेक्षा फक्त दुप्पट उजळ राहतो आणि ताळेबंदातले आकडे तिसऱ्या रांगेतून वाचता येत नाहीत. कापडी मांडवात भरदुपारी हजारो लक्स असतात, तिथे भाड्याने मिळणारा नेहमीचा प्रोजेक्टर लावणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. म्हणून ‘किती ल्युमेनचा देता?’ याच्याआधी ‘पडद्यावरचे दिवे वेगळ्या बटणावर आहेत का?’ हा प्रश्न मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाला विचारावा. पडद्यासमोरची एक रांग विझवता आली, तर मोठ्या यंत्राचे भाडे वाचते.

ल्युमेनचा आकडाही तपासून घ्यावा. आन्सी या अमेरिकी मानक संस्थेच्या पद्धतीत पडद्याच्या नऊ भागांत मोजमाप करून सरासरी काढतात. स्वस्त छोट्या प्रोजेक्टरच्या खोक्यावर छापलेले हजारोंचे आकडे बहुधा या पद्धतीचे नसतात. शिवाय अनेक एक-चिप डीएलपी यंत्रांत पांढरा उजेड वाढवण्यासाठी रंगचक्रात, म्हणजे दिव्यापुढे फिरणाऱ्या रंगीत काचांच्या चकतीत, पारदर्शक पाकळी असते. त्यामुळे तक्ते लखलखीत दिसतात, पण रंग, विशेषतः पिवळा, मंदावतो. हळदीचे फोटो दाखवायचे असतील तर थ्री-एलसीडी (तीन मूळ रंगांना तीन वेगळी पटले असलेले) यंत्र मागून घेणे चांगले.

जागा. पडद्याच्या रुंदीच्या किती पट अंतरावर यंत्र ठेवायचे, हे त्याच्या भिंगावर ठरते. गुणोत्तर १.५ असेल तर ८ फूट रुंद चित्रासाठी १२ फूट अंतर लागते. शॉर्ट-थ्रो प्रकारात ०.५ असेल तर ४ फूट पुरतात. वाटेत यंत्र असले की आहेर द्यायला जाणाऱ्यांच्या सावल्या चित्रावर पडतात. रंगमंचामागे जागा असल्यास मागून प्रक्षेपण करणे उत्तम. त्यासाठी अर्धपारदर्शक पडदा लागतो आणि मेनूतून चित्र आरशातल्यासारखे डावे-उजवे उलट करावे लागते. यंत्र तिरके ठेवून कीस्टोनने चित्र चौकोनी करता येते खरे, पण त्यात चिपवरचे काही बिंदू वाया जातात आणि बारीक अक्षर भुरकट होते. यंत्राखाली योग्य उंचीचे टेबल मिळवणे हाच खरा उपाय.

ऑपरेटर. चारशे-पाचशे रुपये वाचवण्यासाठी माणूस नाकारणारे आयोजक अनेक असतात. ही काटकसर महागात पडते. नव्या लॅपटॉपला फक्त टाइप-सी असते आणि यंत्राला एचडीएमआय किंवा जुने व्हीजीए, तेव्हा अ‍ॅडॅप्टर ऑपरेटरच्या बॅगेत असतो. एचडीएमआयची साधी वायर दहा-पंधरा मीटरच्या पुढे दगा देऊ लागते. आवाज यंत्राच्या लहान स्पीकरमधून न काढता साउंडवाल्याच्या मिक्सरला द्यावा लागतो, म्हणून या दोघांची गाठ कार्यक्रमाआधी घालून द्यावी. मराठी सादरीकरणाची एक वेगळी अडचण आहे: श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे उमटतात. फाइल युनिकोडमध्ये करावी, निदान पीडीएफ करून आणावी. दिव्याची यंत्रे बंद केल्यावर पंखा मिनिट-दोन मिनिटे चालू राहू द्यावा लागतो. जनरेटरवर वीज वारंवार जात असेल तर छोटा यूपीएस लावतात. लेझर यंत्रांत दिवा बदलण्याची कटकट नाही, त्यांचा प्रकाशस्रोत साधारण वीस हजार तास टिकतो.

मागणीचे दिवस. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई, डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलने, आणि सर्वांत मोठी ओढाताण ऑगस्ट-सप्टेंबरात. सहकारी संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. पतसंस्था, कारखाने आणि गृहनिर्माण संस्था यांच्या सभा याच आठवड्यांत येतात आणि गणेशोत्सवही त्यांच्या आगेमागेच असतो. त्या काळातली सभा असेल तर नोटीस काढतानाच प्रोजेक्टर सांगून ठेवावा.

उघड्यावरचे खेळ. अंधार पडल्याखेरीज उघड्यावर चित्र दिसत नाही आणि ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा असतो. सणाच्या ठरावीक दिवशी तेवढी सवलत मिळते. उन्हाळ्यात सूर्यास्त सातच्या सुमारास होतो आणि पुरेसा अंधार त्यानंतर अर्ध्या तासाने पडतो, म्हणजे हाती अडीच तासही राहत नाहीत. साडेसातला सुरू होणारा क्रिकेट सामना या वेळेत संपत नाही, शेवटची षटके आवाजाविना पाहावी लागतात. चौकात चित्रपट दाखवायचा असेल तर कॉपीराइट अधिनियम, १९५७ खाली हक्कधारकाची परवानगी लागते. प्रोजेक्टर देणारा ती देऊ शकत नाही, ती जबाबदारी आयोजकाची.

लग्नाच्या रंगमंचावर आणि राजकीय सभांत आता चौरस फुटावर भाडे आकारली जाणारी एलईडी वॉल आली आहे. ती स्वतः प्रकाश देते, त्यामुळे दिवसाउजेडीही दिसते. मात्र तिला ट्रक, सांगाडा आणि उभारणीची माणसे लागतात आणि जवळून पाहिल्यास बिंदू सुटे दिसतात. पन्नास-शंभर माणसांच्या खोलीत, जिथे नकाशा, ताळेबंद किंवा पुनर्विकासाचा आराखडा बारकाईने वाचायचा असतो, तिथे अजूनही प्रोजेक्टरच आणला जातो.