कामगारांनी उभी केलेली वेधशाळा

अमेरिकेत व्हरमाँट राज्यात स्प्रिंगफील्ड म्हणून छोटं गाव आहे, तिथे एके काळी मशीन टूल्सचे, म्हणजे धातू कापून-घासून सुटे भाग घडवणाऱ्या यंत्रांचे, कारखाने जोरात चालायचे. 1920 मध्ये गावच्याच रसेल पोर्टरने, जो आधी उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमांवर जाऊन आलेला होता, लोकांसाठी टेलिस्कोप बनवायचा क्लास काढला आणि आले कोण, तर बहुतेक सगळे जोन्स अँड लॅम्सन या मशीन टूल कंपनीत काम करणारे. माझ्या मते इथेच सगळं जमून आलं, कारण मापात काटेकोर काम करायची सवय या लोकांच्या हातात आधीपासूनच होती.

या टेलिस्कोपमध्ये प्रकाश गोळा करतो तो खोलगट आरसा, आणि तो करायचा म्हणजे काचेच्या दोन जाड चकत्या घ्यायच्या, मधे कार्बोरंडमची (काच घासणारी कडक) पूड आणि पाणी, आणि वरची चकती पुढेमागे घासत बसायचं, गोल फिरत राहायचं. हळूहळू वरची खोलगट होते नि खालची फुगीर. मग पॉलिश, मग फूकोची टेस्ट, म्हणजे आरशावर उजेड टाकून दिसणाऱ्या सावल्यांवरून त्याचा आकार तपासायचा. ही टेस्ट इतकी नाजूक असते ना, की काचेवर नुसता अंगठा थोडा वेळ टेकवला तरी उबेने काच तिथे फुगते आणि तो उंचवटा सावलीत चक्क दिसतो!

1923 मध्ये क्लासच्या या मंडळींनी दुर्बीण बनवणाऱ्यांचा क्लब काढला, ब्रीझी हिल टेकडीवर स्वतःच्या हातांनी क्लबहाऊस बांधलं, गुलाबी रंगाचं, त्याला नाव दिलं स्टेलाफेन. 1925 ला सायंटिफिक अमेरिकनमध्ये अल्बर्ट इंगॉल्सने त्यावर लेख लिहिला आणि घरी दुर्बीण बनवायचं वेड देशभर पसरलं, पुढच्याच वर्षी तिथे पहिलं संमेलन भरलं, ते अजूनही उन्हाळ्यात भरतं.

मला सगळ्यात भारी वाटतो तो 1930 च्या सुमारास तिथेच उभा राहिलेला टरेट (फिरत्या घुमटाचा) टेलिस्कोप. व्हरमाँटची थंडी म्हणजे हाडं गोठवणारी, त्यामुळे 12 इंची आरसा बाहेर आणि बघणारा आत उबेत, अशी रचना. बाहेरचा सपाट आरसा ताऱ्याचा प्रकाश 12 इंची आरशाकडे पाठवतो, तिथून तो सपाट आरशाच्या मधल्या भोकातून आत आयपीसपर्यंत, म्हणजे डोळा लावायच्या भिंगापर्यंत, येतो.

पोर्टर तोवर कॅलिफोर्नियात गेला होता, तिथल्या पालोमार वेधशाळेच्या 200 इंची दुर्बिणीच्या कामावर. तिची त्याने काढलेली चित्रं जरूर बघा, दुर्बीण तयार व्हायच्या आधीच आतला पार्ट न् पार्ट त्यात उघडून दाखवलाय.