मॅग्नेशियमची चाकं: पेटतात, विरघळतात, हे कितपत खरं?

‘स्पोर्ट्स कारची मॅग्नेशियमची चाकं ठिणगी पडली की पेटतात आणि दोन पावसाळ्यांत विरघळतात,’ असं बरीच वर्षं फिरतंय.

भीतीला आधार आहे. मॅग्नेशियमचा कीस किंवा पातळ फीत चटकन पेट घेते, हे शाळेच्या प्रयोगशाळेत दिसतंच. पण अखंड चाक उष्णता झपाट्याने सगळीकडे पसरवतं. ते पेटायला धातू वितळण्याच्या आसपास, म्हणजे साधारण 650 अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. ठिणगीने ते होत नाही. (गाडीलाच मोठी आग लागली तर गोष्ट वेगळी. पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी मारू नये.)

गंजाचं मात्र अर्धं खरं आहे. उघडा मॅग्नेशियम खारट ओलाव्यात लवकर खराब होतो, पोलादाला टेकून असेल तर आणखी लवकर. म्हणूनच चाकावर रासायनिक थर आणि रंग असतो. चाकाचं आयुष्य त्या थरावर अवलंबून.

तपासायचं कसं? चाक धुऊन कोरडं करा. दगड लागून उडालेले टवके, रंगाखालचे फुगे आणि नटांभोवतीची पांढरी भुकटी शोधा. आतली बाजूही बघा, लोक तीच विसरतात. टवका दिसला तर लगेच रंग लावून घ्यावा. धुवायला सौम्य साबण पुरे. आम्लयुक्त व्हील क्लीनर नकोच. जुन्या रेसिंग चाकांत खरा धोका बारीक भेगांचा. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, त्यासाठी डाय पेनिट्रंट चाचणी (भेगांत शिरणारा रंगीत द्रव लावून त्या उघड करणारी) करून घ्यावी.